एकशे बारावा व्हॉल्व्ह

सात मिनिटं झाली तरी फोनच्या नकाशावरचा ठिपका जागचा हलला नव्हता. ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलाशी चार विद्यार्थी पुस्तकं घेऊन उभे होते. ती एका हाताने शिक्के मारत होती आणि दुसऱ्या हाताने टेबलाखाली धरलेल्या फोनकडे बघत होती. तिथून बसने सहा तासांवर, तिच्या गावात, मोठ्या चौकाच्या जरा अलीकडे, रस्त्याच्या कडेला तिचे बाबा उभे होते. किंवा बसले होते. किंवा आणखी काही. ठिपक्यावरून एवढंच कळत होतं की ते तिथे आहेत.

तिने फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग आईला लावला.

आई शांतपणे म्हणाली की नकाशा बघताना फोन वाजला की ते दचकतात आणि भलतंच बटण दाबतात, तेव्हा दहा मिनिटं दम धर. ती दम धरून बसली. अकराव्या मिनिटाला ठिपका थोडा सरकला, मग वळला, मग ठरलेल्या चालीने पुढच्या गल्लीत शिरला. तिने पुढच्या मुलाचं पुस्तक घेतलं आणि त्यावर दोनदा शिक्का मारला.

संध्याकाळी बाबांनी सांगितलं की व्हॉल्व्हच्या झाकणावर एक टेम्पो उभा होता. ड्रायव्हर चहा प्यायला गेलेला. तो येईपर्यंत ते थांबले.

"मग बाजूला उभं राहून पाठवायचं लोकेशन. दोन-तीन फुटांनी काय बिघडतं?"

"बाजूला व्हॉल्व्ह नाही," बाबा म्हणाले.

चौतीस वर्षं ते पाणीपुरवठा खात्यात चावीवाले होते. खांद्याएवढी उंच लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून ते गावभर फिरत. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत सोडायची, फेरे मोजत फिरवायची, या भागाचं पाणी बंद, त्या भागाचं चालू. काम दिसायला एवढंच. त्यांच्या हातून पाणी आलं तर ते नळाला आलं असं लोक म्हणत, आणि नाही आलं तर चावीवाल्याने सोडलं नाही असं म्हणत. बाबांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. लग्नसमारंभात कुणी ओळख करून दिली की समोरचा माणूस हमखास सांगे, आमच्याकडे हल्ली फार बारीक येतं हो. बाबा पत्ता विचारून घेत आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघून येत.

गावात एकशे बारा व्हॉल्व्ह होते. त्यांतले निम्म्याहून अधिक डांबराखाली, फरशांखाली, कचऱ्याच्या पेट्यांखाली गेलेले. त्यांचा नकाशा नव्हता. पूर्वी कधी होता म्हणत, तो कचेरी हलवताना गेला. बाबांकडे मात्र प्रत्येकाच्या खुणा होत्या, आणि त्या सगळ्या डोक्यात. शाळेच्या भिंतीच्या कोपऱ्यापासून सात पावलं, मग उजवीकडे दोन. दवाखान्याच्या फाटकाच्या डाव्या खांबासमोर, पाठ खांबाला लावून चार. आईचा यावरचा टोमणा ठरलेला होता: घरातली मिठाची बरणी चौतीस वर्षांत सापडली नाही, रस्त्याखालचं मात्र सगळं सापडतं.

ते निवृत्त झाले तेव्हा खात्याने शाल दिली, भाषणं झाली, आणि खुणा विचारायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. सात महिन्यांनी एक मोठी लाइन फुटली. त्यांच्या जागी आलेला चावीवाला, चाळिशीचा, कामाला प्रामाणिक माणूस, व्हॉल्व्ह शोधत गुडघाभर पाण्यात हिंडत होता. नऊ तास पाणी वाहिलं. शेवटी खात्याची गाडी घराशी आली. बाबा गेले, एका दुकानाच्या पायरीपासून सतरा पावलं चालले, उजवीकडे वळले, टाच आपटली आणि म्हणाले, इथे खणा. चार मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी खात्यातल्या इंजिनिअर मॅडम घरी आल्या. त्या बाबांच्या मुलीपेक्षाही लहान होत्या. त्या म्हणाल्या, काका, एकेका व्हॉल्व्हवर उभं राहायचं आणि फोनवरून मला लोकेशन पाठवायचं, सोबत फक्त नंबर लिहायचा. महिनाअखेरीला मी सगळं संगणकातल्या नकाशावर चढवते. बाबा लगेच हो म्हणाले. मॅडम गेल्यावर आईने मुलीला फोन केला, कारण बाबांचं हृदय अशक्त झालं होतं, पाय सुजत होते, आणि डॉक्टरांनी चालणं बेताचं ठेवा म्हणून बजावलं होतं.

मुलीने एकच अट घातली. घरातून निघताना मला लाइव्ह लोकेशन पाठवायचं, आठ तासांचं, म्हणजे तुम्ही कुठे आहात ते मला दिसत राहील. आदल्या सुट्टीत गेली होती तेव्हाच तिने त्यांना ते शिकवलं होतं. खालची खूण दाबा, मग लोकेशन, मग लाइव्ह, मग ते विचारतं किती वेळ: पंधरा मिनिटं, एक तास, आठ तास. बाबांनी पाकिटाच्या मागे लिहून घेतलं होतं. त्यांना ते जमलं याचं तिला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

बारा दिवस ठिपका गावभर हिंडला. ती शिक्के मारता मारता त्याच्याबरोबर अशा गल्ल्यांतून फिरली जिथे लहानपणीही गेली नव्हती. तेराव्या दिवशी दुपारी मॅडमचा फोन आला. बाबांना नाही, तिला.

मॅडम बराच वेळ बाबांच्या मेहनतीबद्दल बोलत होत्या. मग म्हणाल्या की आज नकाशावर चढवायला घेतलं, तर एकही जागा उघडत नाहीये. अठ्ठ्याऐंशी मेसेज आहेत. प्रत्येकावर नंबर आहे आणि त्याखाली लिहिलंय, लाइव्ह लोकेशन संपलं. "काकांना सांगायला धीर होत नाही हो. तुम्हीच बघा कसं ते."

दुसऱ्या बटणाबद्दल, नुसत्या सध्याच्या जागेच्या लोकेशनबद्दल, आपण बाबांना कधी सांगितलंच नव्हतं हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिला जे हवं होतं तेवढंच तिने शिकवलं होतं.

हे फोनवर सांगणं बरं नाही म्हणून तिने रजा टाकली आणि सकाळच्या बसने गेली. बाबा खुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर. पाय पाहून तिने नजर वळवली. सांगायचं ते एका दमात सांगितलं.

बाबांनी विचारलं, "अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी?"

"हो."

"पण मी तर पंधरा मिनिटांचं लावत होतो."

"पंधरा मिनिटांचं का पण?"

"मॅडमना काय दिवसभर माझाच नकाशा बघत बसायचाय? मला वाटलं, त्यांना बघायला किती वेळ लागेल ते विचारतंय. पंधरा मिनिटं पुष्कळ झाली." त्यांनी स्टुलावरचे पाय खाली घेतले. "तुला आठ तास, कारण तुला काळजी. त्यांना पंधरा मिनिटं."

चूक माझी आहे असं ती म्हणाली. त्यावर त्यांनी नुसता हात हलवला, माशी वारावी तसा, आणि बूट कुठे आहेत विचारलं. आईने त्यांतला एक बूट उचलून कपाटात टाकला, किल्ली फिरवली आणि म्हणाली, जायचं तर एका पायाने जा.

तेव्हा मग उलटा बेत ठरला. चालणार मुलगी. बाबा घरात बसून तिचा ठिपका बघणार. आईच्या फोनवर बोलणं चालू ठेवायचं, बाबांच्या फोनवर नकाशा. ते सांगतील तिथे तिने उभं राहायचं आणि मॅडमना पाठवायचं, या वेळी बरोबर बटण दाबून. डॉक्टरांनी यावर बंदी घातलेली नव्हती.

पहिल्याच व्हॉल्व्हला अडलं. तिने भिंतीच्या कोपऱ्यापासून सात पावलं टाकली, तिथे झाकणाचा पत्ता नव्हता. तसं तिने कळवलं.

"तुझी सात टाकलीस ना? माझी सात म्हणजे तुझी नऊ," बाबा म्हणाले.

नवव्या पावलाला चपलेखाली लोखंड लागलं. तिच्या पावलांचा हिशोब त्यांनी कधी केला होता हे तिला ठाऊक नव्हतं, आणि रस्त्यात उभं राहून विचारावंसं वाटलं नाही.

त्या सहा दिवसांत ते दोघं जेवढं बोलले तेवढं आधीच्या सहा वर्षांत बोलले नसतील. बोलणं सगळं डावं-उजवं, पुढे-मागे, एवढंच. उंच इमारतींमध्ये ठिपका भरकटायचा. हे बाबांनी पहिल्याच दिवशी हेरलं. घाई करू नको, ठिपक्याभोवतीचं निळं वर्तुळ लहान होऊ दे, मग पाठव, असं तेच तिला शिकवू लागले. एकदा ती भर चौकात उभी असताना ते म्हणाले की तू बेकरीत काय करतेस. ती म्हणाली बेकरीत नाही, बेकरी समोर आहे. मागून आईचा आवाज आला की आत असलीस तर पाव घेऊन ये. लोक बघत. रस्त्यात मध्येच थांबून, फोन आकाशाकडे धरून, एक पाऊल मागे, अर्धं पाऊल डावीकडे करणाऱ्या बाईला एका हातगाडीवाल्याने काही हरवलंय का विचारलं. पाण्याचा व्हॉल्व्ह शोधतेय म्हटल्यावर त्याने विचारलं, तुम्ही चावीवाल्यांच्या कोण. मग त्याने न सांगता गाडी बाजूला घेतली.

रोज संध्याकाळी मॅडम आकडा कळवत. अठरा. एकोणचाळीस. बासष्ट. आकडा ऐकला की बाबा जेवायला बसत. पण दिवसागणिक त्यांचा आवाज बारीक होत होता. चौथ्या दिवशी ते वाक्य अर्ध्यावर सोडून श्वास घेऊ लागले. पाचव्या दिवशी खुर्चीतून पलंगावर आले. ती म्हणाली, उरलेले पुढच्या महिन्यात करू. बाबा म्हणाले, "पुढच्या महिन्यात मी सांगायला पाहिजे ना." ते पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले. आई उठून आत गेली आणि भांडी घासू लागली. भांडी तिने आधीच घासलेली होती.

सहाव्या दिवशी दुपारी दोनला एकशे अकरा झाले. राहिला शेवटचा, हमरस्त्यावरचा. हा व्हॉल्व्ह बाबांनी आयुष्यात दोनदाच वापरला होता. त्याच्या खुणा म्हणजे एका सलूनची पायरी आणि पत्रपेटीचा खांब. रस्ता रुंद झाला तेव्हा दोन्ही गेलं, वर डांबर चढलं. तेव्हा बाबांनी खात्याला तीन अर्ज दिले होते, की काम करताना झाकण उंच करून घ्या. उत्तर एकाचंही आलं नव्हतं.

आता त्या जागी फक्त रस्ता होता. सावली कुठेच नव्हती. ती तासभर तिथे पुढे-मागे होत होती. बाबा सांगत, समोरच्या इमारतीचं दार धर, त्याच्या नाकासमोर ये, आणखी ये, नाही, फार झालं. मग बराच वेळ काहीच ऐकू येत नसे. मग आई म्हणे, थांब, दम लागलाय त्यांना. निळं वर्तुळ मोठं होई, लहान होई. डांबर चपलेतून पोळत होतं. डोळ्यांपुढे एकदा अंधारी आली तेव्हा तिने विजेच्या खांबाला हात लावला, आणि तोही तापलेला होता.

"बाबा, इथे आहे का? की अजून पुढे?"

बराच वेळ गेला. मग बाबांचा आवाज आला, अगदी स्पष्ट. "तिथेच. बरोबर तिथेच आहेस. पाठव आणि घरी ये."

तिने पाठवलं. संध्याकाळी मॅडमनी कळवलं: एकशे बारा. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत, पण आकडा पुन्हा एकदा सांगायला लावला.

तीन आठवड्यांनी ते गेले. दवाखान्यात, सकाळी, आई चहा आणायला खाली गेली होती तेवढ्यात. मुलगी पुन्हा सकाळच्या बसने आली. भेटायला येणाऱ्यांत खात्यातले लोक होते, मॅडम होत्या, नवा चावीवाला होता. तो आत न येता दाराशीच बसून राहिला. जुन्या वस्तीतल्या एक आजी आल्या, त्या बाबांना नावाने ओळखत नव्हत्या. म्हणाल्या, आमचं पाणी सोडायचे ते.

पुढच्या सात महिन्यांत तिने फोनमधला बाबांचा संवाद एकदाही उघडला नाही आणि पुसलाही नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून ती आठ दिवस घरी आली, त्यांतल्या चौथ्या दिवशी सकाळी दहाला मॅडमचा फोन आला. हमरस्त्यावर लाइन फुटली होती. एकशे बारावा बंद करायला हवा होता. खूण आहे तिथे साडेचार फूट खणलं, खाली नुसती माती. तुम्ही स्वतः तिथे उभ्या होतात, काही आठवतंय का, अशी विचारणा होती.

चप्पल घालता घालता तिने आईला सांगितलं. म्हणाली, असं कसं होईल, बाबा नकाशा बघत होते, तिथेच म्हणाले होते.

आईच्या एका डोळ्यावर पट्टी होती. दुसऱ्या डोळ्याने ती खिडकीबाहेर बघत होती.

"नकाशा माझ्या हातात होता," आई म्हणाली. "ते डोळे मिटून पडले होते. मी म्हटलं, बघा तरी पोरगी कुठे उभी आहे. तर म्हणाले, बाहेर ऊन किती आहे. आणि मग तुला म्हणाले, तिथेच."

मुलीने चपलेचा बंद लावला. तो लागलेलाच होता. तिने सोडून पुन्हा लावला.

हमरस्त्याची एक बाजू दोर लावून अडवली होती. फुटलेल्या लाइनचं पाणी रस्त्याच्या उतारावरून वाहत होतं आणि खालच्या दुकानदारांनी दारांत पोती टाकली होती. मधोमध एक नीट चौकोनी, कोरडा खड्डा होता. खड्ड्याशेजारी मॅडम फोन घेऊन उभ्या होत्या. त्या काही विचारायच्या आत तिने सांगितलं की खूण चुकली आहे आणि बरोबर जागा मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

मॅडमनी मान हलवली. कुणी कुणाला दोष दिला नाही.

नवा चावीवाला मात्र तिथे नव्हता. तो चौकाच्या बाजूने, हातात जड सळई घेऊन, पावला-पावलाला ती रस्त्यावर आपटत येत होता. आपटायची, मान वाकडी करून ऐकायचं, अर्धं पाऊल पुढे. मजूर हसत होते. एकाने विचारलं की आत कोणी राहतं का, दार वाजवतोस ते. तो हसला नाही. अर्धा तास तो तसा करत होता. खड्ड्यापासून अकरा फुटांवर सळईचा आवाज बदलला. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू आला, आत पोकळी असल्यासारखा. त्याने पुन्हा आपटली. मग सळई तिथेच रोवून धरली आणि म्हणाला, इथे खणा.

तासाभराने झाकण निघालं. त्याने चावी आत सोडली आणि फेरे मोठ्याने मोजत फिरवू लागला. मॅडम लिहून घेत होत्या. एकोणिसाव्या फेऱ्याला उतारावरचं पाणी बारीक झालं, बाविसाव्याला थांबलं.

मॅडम तिच्याजवळ आल्या. नव्या जागेची नोंद केलीय, म्हणाल्या. नकाशात प्रत्येक खुणेवर ती दाखवणाऱ्याचं नाव असतं; जुनी खूण पुसली तर तिच्यावर असलेलं काकांचं नाव जाईल. पण पुसायलाच हवं असं नाही. तीच खूण अकरा फूट सरकवता येते, नाव तसंच राहील.

"पुसा," ती म्हणाली. "ती त्यांची नव्हती. मी उभी होते तिथे." मग चावी पुसत बसलेल्या माणसाकडे बघून म्हणाली, "ही यांच्या नावावर घ्या. बाकीच्या एकशे अकरा आहेत बाबांच्या."

मॅडमनी फोनवर दोनदा बोट लावलं.

मजुरांना आता रस्ता मोकळा करायचा होता. एक जण म्हणाला, ताई, जरा बाजूला व्हा. ती कोरड्या खड्ड्याच्या काठावर उभी होती हे तिला तोपर्यंत जाणवलं नव्हतं. ती दोन पावलं मागे सरली. त्यांनी काढलेली माती परत लोटली, दगड टाकले, धुम्मसाने ठोकली. माती कमी पडली तेव्हा दुसऱ्या खड्ड्यातली तीन घमेली आणून ओतली. वर पाणी शिंपडून पुन्हा ठोकली. मुकादमाने वर उभं राहून टाचेने दाबून पाहिलं आणि दोर सोडायला सांगितला.

ती अजून तिथेच होती. मागे टांगलेली किराण्याची पिशवी सांभाळत एक सायकलवाला आला आणि त्या जागेवरून, वेग कमी न करता, सरळ निघून गेला.